कामावरची दुखापत: भरपाईसाठी कोणत्या डॉक्टरचा दाखला चालतो?

आधी पगारपावती काढा. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत असेल तर बाहेर डॉक्टर शोधूच नका. तुमचं अपंगत्व ईएसआयचं वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि विमाधारक कामगाराला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. खाजगी दाखल्यावर पैसे घालवून झाल्यावर हे कळू नये, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

कपात नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातल्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत. दुखापत कामामुळे आणि काम चालू असताना झालेली हवी, आणि तिने तीन दिवसांपेक्षा जास्त काळ कामाला अडवलेलं हवं. ओळखपत्र, पगाराचा किंवा हजेरीचा पुरावा, उपचाराची बिलं एवढं बहुतेकांकडे निघतं. घोडं अडतं ते डॉक्टरच्या दाखल्यापाशी.

काही दुखापतींमुळे कमाईची क्षमता किती टक्के घटते ते कायद्याच्या परिशिष्टातच दिलेलं आहे. अंगठा गेला तर ३०, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. इथे डॉक्टरने टक्के काढायचे नसतात, काय गेलं ते अचूक लिहायचं असतं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरं गेली तर ११, एक गेलं तर ९. दाखल्यावर नुसतं ‘उजव्या बोटाला इजा’ असेल तर यातलं काय धरणार? कोणत्या हाताचं कोणतं बोट, कुठल्या पेरापासून, हे लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

मणक्याची इजा किंवा न वाकणारं कोपर परिशिष्टात सापडणार नाही. तिथे नोंदणीकृत डॉक्टरने कमाईची क्षमता किती टक्के घटली ते सांगावं लागतं, आणि नेमके इथेच बरेच दावे ढेपाळतात. सरकारी रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र सवलतींसाठी असतं. त्यावरचे टक्के शरीराचे असतात, तुमच्या कामाचे नव्हेत. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याची अक्षमता पूर्ण, म्हणजे १०० टक्के धरली. तेव्हा तुम्ही नेमकं काय काम करता, किती वजन उचलता, किती तास उभे असता, हे डॉक्टरला सांगा आणि दाखल्यात यायला हवं असा आग्रह धरा.

डॉक्टर निवडताना ज्यांनी ऑपरेशन केलं तेच पहिले. ते नसतील तर त्याच अवयवाचे तज्ज्ञ: हाडाला अस्थिरोगतज्ज्ञ, डोळ्याला नेत्रतज्ज्ञ. दाखला मागण्याआधी एकच विचारा, ‘साक्षीला याल का?’ मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या वकिलाने दाखला नाकारला की डॉक्टरला उलटतपासणीला उभं राहावं लागतं. न येणाऱ्या डॉक्टरचा कागद कितीही चांगला असला तरी कमकुवत ठरतो. दाखला घाईनेही घेऊ नका. प्लास्टर उतरायच्या आत काढलेले टक्के तात्पुरते म्हणून बाजूला पडतात.

पहिला केसपेपर आजच वाचा. घाईगर्दीत किंवा मुकादमाच्या सांगण्यावरून त्यावर ‘घरी पडल्याने’ असं लिहिलेलं असतं, आणि पुढे कितीही मोठ्या तज्ज्ञाचा दाखला आणला तरी विरोधी वकील बोट ठेवतो ते त्याच ओळीवर. दाखल करतानाच स्पष्ट सांगा: कामावर, अमुक मशीनवर, अमुक वाजता.

अपघाताची सूचना दिल्यावर मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करून घ्या म्हटलं तर जा. विनाकारण नकार दिलात तर तपासणी होईपर्यंत भरपाईचा हक्क थांबतो. जाताना आपले एक्स-रे सोबत न्या, पण मूळ प्रती तिथे ठेवून येऊ नका.

भरपाईच्या दाव्याची मुदत दोन वर्षांची, आणि ती अपघाताच्या दिवसापासून मोजतात. दवाखान्यातून सुटल्यापासून किंवा दाखला मिळाल्यापासून नाही. दाखला अजून हातात नसेल तरी अर्ज मुदतीत दाखल करा, दाखला मागाहून जोडता येतो.