नांदूर मध्यमेश्वरला जाताना तिकीट कुठवर पुरतं आणि परवानगी कुठून लागते

दिवाळी उरकली की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जाणाऱ्यांचं दरवर्षी हेच सुरू होतं. कुणाचा अर्ज त्रुटी काढून परत आलेला असतो, तर कुणाला कॅमेरे-बिमेरे घेऊन गेल्यावर गेटवरून माघारी फिरावं लागलेलं असतं. कॉलेजांच्या निसर्ग मंडळांचे अर्ज लिहून द्यायला मी बरीच वर्षं मदत करतो. त्यात लोक नेमके कुठे अडकतात, तेवढंच इथे सांगतो.

नुसते पक्षी बघायचे असतील तर काही अवघड नाही. ओळखपत्र घ्या, गेटवर तिकीट काढा, कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क भरा, गावातला मार्गदर्शक सोबत घ्या आणि चापडगावच्या मनोऱ्यावर जाऊन बसा.

गोंधळ होतो तो अभयारण्य म्हणजे काय, इथपासून. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली आणि त्या उथळ पाण्याला थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी असे पाणपक्षी येऊ लागले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र साधारण १०० चौरस किलोमीटर, म्हणजे फक्त पाणी नव्हे. निफाड तालुक्यातली गावं, ऊस, द्राक्षबागासुद्धा त्यात आल्या. त्यामुळे "आम्ही आत गेलोच नाही, मित्राच्या शेतात उभे होतो" हे कारण टिकत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये परवान्याशिवाय कोण आत असू शकतं, ते लिहिलेलं आहे: कामावरचा सरकारी नोकर, राहायची परवानगी असलेला रहिवासी, तिथे जमिनीचा हक्क असलेला माणूस, या सगळ्यांवर अवलंबून असलेले कुटुंबीय आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारा वाटसरू. शेतमालकाचा मित्र या यादीत नाही. प्री-वेडिंगवाल्यांनी हे दोनदा वाचा. शेतकऱ्याची लेखी संमती तुम्ही आणता, पण ती त्याच्या जमिनीपुरती. अभयारण्याची परवानगी त्याला देताच येत नाही, आणि नंतर वनरक्षकाची विचारपूस त्या बिचाऱ्यालाच सहन करावी लागते.

परवाना कशासाठी मिळतो, ते कलम २८ मध्ये आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी असलेलं कायदेशीर काम. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रीकरणही आलं, पण अधिवासात बदल होणार नाही आणि वन्यजीवांना त्रास होणार नाही या अटीवर. गेटवरचं तिकीट यातल्या पर्यटनाचं आहे. त्या तिकिटावर बाटलीत पाण्याचे नमुने भरता येत नाहीत, जाळी लावता येत नाही, मोठा लवाजमा उभा करता येत नाही. सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात, कारण विषयात लिहिलेलं असतं "अभ्यास सहल". सहल की अभ्यास, एक काहीतरी लिहा. अभ्यास असेल तर कोणत्या तारखांना, कोणत्या गावाच्या बाजूने, किती जण, काय मोजणार, काय हाताळणार, हे चार ओळींत सांगा. कशालाही हात न लावता नुसती दुर्बिणीतून गणना करणार असाल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

अर्ज कुणाच्या नावे? कायद्याने हा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, आणि ते बसतात नागपूरला. मी मायना त्यांच्याच नावे लिहायला सांगतो, खाली "मार्फत" म्हणून नाशिकचा वन्यजीव विभाग. नाशिकमध्ये वनखात्याची पूर्व आणि पश्चिम विभागाची कार्यालयंही आहेत, ती वेगळी. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज पुढे सरकेल या आशेवर राहू नका. एका कार्यालयात आमचा अर्ज तीन आठवडे पडून होता आणि "हे आमच्याकडे येत नाही" एवढं सांगायलाही कुणाला सवड झाली नाही. लोक पदरची रजा टाकून खेटे घालतात, त्यांना पहिल्याच दिवशी योग्य खोली दाखवायला काय हरकत आहे?

तारखेचं तर फार वाईट वाटतं. गेल्या हिवाळ्यात प्राणिशास्त्राच्या एका मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. पत्रावर तारीख १० नोव्हेंबर, प्राचार्यांची सही त्याच दिवसाची. पण जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंदवहीतला क्रमांक) पडला नाही म्हणून पत्र कॉलेजच्याच कपाटात राहिलं. कार्यालयाच्या निळ्या गोल शिक्क्यात पेनाने लिहिलेली आवक तारीख होती २ डिसेंबर. मुलांना जायचं होतं ६ डिसेंबरला. मुदत मोजतात ती त्या निळ्या शिक्क्यापासून, तुमच्या पत्रावरच्या तारखेपासून नाही. म्हणून अर्ज स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि ती प्रत जपून ठेवा. अर्ज नागपूरला जायचा असेल तर गणपती झाले की कामाला लागा.

बाकी कागद नेहमीचेच: जावक क्रमांकासह संस्थेचं पत्र, सर्वांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा क्रमांक, उपकरणांची यादी. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच लिहा. ऐनवेळी कुणी बदललं तर व्हाइटनर लावून खाडाखोड करू नका, नवी यादी सही-शिक्क्यानिशी द्या.

ड्रोनसाठी लोक हमखास ड्रोन उडवण्याच्या सरकारी नकाशाची प्रत जोडतात आणि त्यात हिरवा झोन दाखवतात. हिरवा झोन म्हणजे हवाई वाहतुकीच्या बाजूने आधी परवानगी लागत नाही, इतकंच. वनखात्याशी त्याचा संबंध नाही. ड्रोनचा नोंदणी क्रमांक असला तरी तो वनखात्याच्या परवानगीच्या जागी चालत नाही. माझं स्पष्ट मत विचाराल तर अर्जातून ड्रोन काढूनच टाका. डोक्यावर ती घरघर आली की बदकांचा अख्खा थवा उठतो आणि मनोऱ्यावर बसलेल्यांचीही सकाळ वाया जाते.

रामसरचा उल्लेख करून अर्जाला वजन येत नाही. हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली पाणथळ जागा आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण त्यासाठी वेगळा फॉर्म नाही आणि सवलतही नाही.

महिना उलटूनही उत्तर नसेल तर पोच घेऊन समक्ष भेटा. माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, पण त्याच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तोवर हंगाम निम्मा सरतो. परवानगी हातात आली की मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स सोबत ठेवा. एक झेरॉक्स आदल्या दिवशीच तिथल्या वनरक्षकाकडे पोहोचवा, म्हणजे पहाटे गेटवर मुलं थंडीत ताटकळत राहत नाहीत.