जन्मदाखला: ठाणे-नवी मुंबईहून परदेशी निघालेल्या कुटुंबाची पहिली अडचण

घोडबंदर रोडवरचं किंवा ऐरोलीतलं एखादं तरुण कुटुंब दुबईला नाहीतर टोरांटोला निघतं, तेव्हा नोकरी लागलेल्याचा व्हिसा सहसा वेळेत हाती येतो. अडून बसतात बायको-मुलांचे कागद. नोकरदाराने डिग्री आणि करारपत्र दाखवलं की बरंचसं काम होतं. कुटुंबाला मात्र नातं कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि आपल्याकडे नात्याचे कागद ज्याच्या त्याच्या वेळेला, वेगवेगळ्या कार्यालयांत तयार झालेले असतात.

जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याचा गाभा एवढाच: जन्म जिथे झाला, नोंद तिथेच. घर कुठे आहे याच्याशी संबंध नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत इथे आडवी येते. माहेर कराडजवळच्या खेड्यात असेल आणि प्रसूती गावातच झाली असेल, तर नोंद ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकाकडे. शहरातल्या दवाखान्यात झाली असेल तर तिथल्या नगरपालिकेत. बेलापूरच्या महापालिका कार्यालयात कितीही हेलपाटे घातले तरी तो दाखला मिळणार नाही. शिवाय नवी मुंबई म्हणजे नेमकं काय, हेही पाहावं लागतं. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ची. खारघर, कामोठ्याचे लोक पत्ता नवी मुंबईचा लिहितात, पण १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महापालिकेत आहेत, जिल्हा रायगड. आईवडिलांचे स्वतःचे दाखले या महापालिका होण्याआधीचे असतील तर नोंदवही आज कोणाकडे आहे ते विचारूनच निघावं.

मग येतो नावाचा कोरा रकाना. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. बहुतेक वेळा रुग्णालय ती परस्पर पाठवतं. बारसं व्हायचं असतं, आत्याने नाव ठरवलेलं नसतं, म्हणून फॉर्म नावाशिवाय जातो. दाखला घरी येतो तेव्हा आईचं, वडिलांचं नाव, पत्ता, तारीख यांच्या गडबडीत कोणी नीट पाहत नाही की ‘बाळाचे नाव’ या ओळीपुढे नुसती रेघ आहे. नाव १२ महिन्यांत विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पूर्वी पासपोर्टसाठी जन्मतारखेचा दुसरा पुरावा जोडून वेळ मारून नेता यायची. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी ती वाट बंद झाली; जन्मतारखेला दाखला हाच पुरावा. घाईत मात्र नाव चढवू नये. स्पेलिंगची चूक दुरुस्त होते, एकदा चढलेलं नाव बदलणं फार जड जातं.

नावाच्या रचनेचाही इतिहास आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली तिहेरी पद्धत. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने, नाव आणि आडनाव. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर काय होतं ते २०२२ च्या नोव्हेंबरात दिसलं, जेव्हा यूएईने (दुबई ज्यात येते तो देश) एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा नाकारायला सुरुवात केली. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारने बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम ठरवला आहे. दोन भावंडांची नावं त्यामुळे वेगवेगळ्या घाटाची दिसू शकतात. ते चालतं, पण एकाच मुलाच्या दाखल्यात, पासपोर्टात आणि शाळेच्या दाखल्यात नाव तीन तऱ्हांनी असणं चालत नाही.

आईचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणी. १९९८ च्या राज्य कायद्याने ९० दिवसांत नोंदणी सांगितली आहे, उशीर झाल्यास शुल्क भरून करता येते. तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर भटजी शोधणं हाच खरा उद्योग असतो, म्हणून हे काम पासपोर्टच्या आधी उरकावं.

यानंतर अपोस्टील, म्हणजे आपला सरकारी कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण. त्यामागचा हेग करार ५ ऑक्टोबर १९६१ चा, भारतात लागू १४ जुलै २००५ पासून. आधी राज्य सरकारची सही, मग परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागे चौकोनी स्टिकर चिकटवतं. वर फ्रेंच मथळा, खाली क्रमाने १० नोंदी. कागद लॅमिनेट केला असेल तर काम तिथेच अडतं. जपून ठेवायच्या हौसेचा हा दंड. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून करारात आला, सौदी डिसेंबर २०२२ मध्ये. यूएई करारात नाही, तिथे अपोस्टील उपयोगाचं नाही: मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्यांच्या दूतावासाचं आणि तिथे गेल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचं साक्षांकन लागतं. एजंट सरसकट ‘अपोस्टील करून देतो’ म्हणाला तर देश कोणता ते त्याला आधी सांगावं.

दुसरं बाळ तिकडेच जन्मलं तर हिशोब उलटा होतो. भारतीय नागरिकत्वासाठी त्याची नोंद वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं.