केरातलं सोनं: झारेकऱ्यापासून सर्किट बोर्डापर्यंत

सोनाराच्या दुकानातला केर आपल्याकडे कधीच नुसता केर नव्हता. झाडलेली धूळ, मुशीतली राख जपून ठेवायची आणि झारेकऱ्याला द्यायची, ही जुनी रीत. तो ती माती पाण्यात घोळवायचा. हलकी धूळ वाहून जायची, जड कण तळाशी राहायचे. मुंबईच्या झवेरी बाजारातल्या गल्ल्या आणि गटारं आजही याच कणांसाठी झाडली जातात. ई-कचऱ्यातून सोनं काढणं ही त्याच विद्येची पुढची पायरी. फरक इतकाच की त्या केरात विष नव्हतं.

सोनं गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेतं. म्हणून फोन-संगणकांत जोडणीच्या पिना, सर्किट बोर्डाच्या कडेच्या पट्ट्या, चिपमधल्या केसाहून बारीक तारा यांत ते वापरलं गेलं. खाणीतल्या एक टन दगडात काही ग्रॅम सोनं मिळालं तरी खाण चालते. एक टन जुन्या मोबाइलमध्ये ते शेकडो ग्रॅम असतं. जपानच्या तोहोकू विद्यापीठातले नान्जो मिचिओ यांनी 1988 मध्ये याला ‘शहरी खाण’ म्हटलं. पुढे टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी 2017 ते 2019 या दोन वर्षांत जपानी लोकांनी जुनी उपकरणं दिली आणि त्यांतून 32 किलो सोनं निघालं.

याच धंद्याची दुसरी बाजू मात्र फार वाईट आहे. घातक कचरा गरीब देशांत ढकलू नये म्हणून 1989 मध्ये बाझल करार झाला, तरी जहाजं येतच राहिली. असा कचरा फोडण्याचं केंद्र बनलेल्या चीनमधल्या ग्वियू गावाची अवस्था 2002 मध्ये एका अहवालाने जगापुढे आणली. आपल्याकडे दिल्लीचं सीलमपूर आणि पितळनगरी मुरादाबाद इथे हे काम वाढलं. मुरादाबादच्या कारागिरांना धातू वितळवण्याची पिढीजात जाण होती, तीच बोर्डांकडे वळली. बोर्ड शेगडीवर धरायचा, चिप जोडणारं डाखाचं शिसं पातळ झालं की चिमट्याने चिप उपटायची. कडेच्या पट्ट्या कापून तेजाबात टाकल्या की तांबं विरघळतं, तपकिरी धूर उठतो आणि सोन्याचे पातळ पापुद्रे सुटून वर येतात. तो धूर थेट माणसाच्या छातीत जातो. जाळलेल्या बोर्डांची काळी राख रामगंगेच्या काठावर साचली.

भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम 1 मे 2012 पासून लागू झाले. 2016 मध्ये ते बदलले. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नव्या नियमांत जुन्या मालाच्या पुनर्चक्रीकरणाची उत्पादकांची जबाबदारी मोजताना सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम हे धातू हिशेबात धरले जातात. त्याच नियमांत हे काम करणाऱ्या कामगारांची नोंद, प्रशिक्षण आणि आरोग्य यांकडे राज्यांनी पाहावं, असंही म्हटलं आहे. साऱ्या नियमावलीत मला सर्वांत मोलाचं कलम हेच वाटतं, कारण सोनं ओळखणारे हात आधीपासून त्यांचेच आहेत.