घासलेली बादली आणि निर्जंतुक बादली: मेपलच्या रसाला दोन्ही का लागतात

मार्च उजाडला की इथे ऑन्टारिओत रात्री पारा शून्याखाली जातो आणि दुपारी चार-पाच अंशांवर येतो. मेपलच्या झाडातून रस वाहायला हेच हवामान लागतं. पहिल्या वर्षी मागच्या अंगणातल्या तीन झाडांना आम्ही तोट्या बसवल्या आणि रस साठवायला तळघरातल्या दोन झाकणाच्या बादल्या वर आणल्या. एक मी तयार केली. पाणी भरलं, झाकणभर ब्लीच टाकलं, खळखळून हलवलं, ओतून दिलं. क्लोरीनचा वास आला, म्हणजे काम झालं असं मला वाटलं. दुसरी बादली आईने घेतली. ती कोल्हापूरहून आली होती. गरम पाणी आणि ब्रश घेऊन ती पायरीवर बसली आणि कडेच्या खाचेपर्यंत घासत राहिली. माझ्या बादलीकडे बघून एवढंच म्हणाली, "अरे, मळ तसाच ठेवून औषध कसलं घालतोस?"

दहाव्या दिवशी माझ्या बादलीतला रस दुधाळ झाला होता. तळाशी बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. आईच्या बादलीतला रस पाण्यासारखा नितळ होता.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. घरी हा रस आटवून सिरप करणारे बरेच जण "बादली स्वच्छ केली" या एका वाक्यात दोन वेगळी कामं कोंबतात. एक म्हणजे घासून धुणं, दुसरं म्हणजे निर्जंतुक करणं. दोन्हींची हत्यारं वेगळी, वेळ वेगळी आणि जागाही वेगळ्या. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

घासणं म्हणजे काढून टाकणं. सालीचा भुगा, मुंग्या-पतंग, गेल्या वर्षीचा सुकलेला गोड ओघळ, आणि बोटाला लागतो तो बुळबुळीत थर. याला गरम पाणी, ब्रश आणि मनगटाचा जोर लागतो. निर्जंतुक करणं म्हणजे घासूनही जे उरतं आणि डोळ्यांना दिसत नाही ते मारणं. त्याला उकळतं पाणी किंवा ब्लीच लागतं, आणि त्याहून जास्त लागतो तो वेळ. घासताना घाण जागची हलते. निर्जंतुक करताना काहीच हलत नाही, जे असेल ते तिथेच मरतं. म्हणून घाण असलेल्या भांड्यात ब्लीच घातलं तर घाण तिथेच राहते, आणि तिच्याखालचे जंतूही शाबूत राहतात.

असं का होतं? ब्लीचला साखर कोणती, माती कोणती आणि जंतू कोणता हे कळत नाही. समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी क्लोरीनची प्रक्रिया होते आणि त्यात ते खर्ची पडतं. बादलीला सुकलेला रस चिकटलेला असेल तर बरंचसं ब्लीच त्याच्यातच संपतं. शिवाय जंतू सुटे सुटे बसलेले नसतात. ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आत वसाहत करून राहतात. तोच हा बुळबुळीत थर. वरच्या जंतूंना ब्लीच लागतं, तळाशी असलेल्यांपर्यंत ते पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. ब्रशने तो थर आधी फोडला तरच पुढच्या औषधाला अर्थ आहे.

रस ओळखीचा वाटावा म्हणून मी नेहमी नीरेचं उदाहरण देतो. पहाटेची नीरा उन्हं वर आली की आंबायला लागते, आणि तिला थोपवायला मडक्याला आतून चुना लावतात. मेपलचा रसही तसाच. झाडाच्या आत तो जवळजवळ निर्जंतुक असतो. जंतू त्याला भेटतात ते तोटीशी, नळीत आणि बादलीत. त्यात जेमतेम दोन टक्के साखर, बाकी पाणी. थंडी हेच त्याचं राखण. चार अंशांखाली ठेवला तर आठवडाभर टिकतो, आणि तेवढ्यात तो आटवायलाच हवा. दुधासारखा वागवावा. पातेल्यात कालचं दूध चिकटलेलं असताना त्यावर आजचं ओतलं तर काय होतं ते आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे.

इथे एक शंका हमखास येते, मलाही आली होती. शेवटी रस तासन्‌तास उकळायचाच आहे, मग जंतू मरणारच. एवढा खटाटोप कशाला? जंतू मरतात हे खरं. पण त्यांनी रसाचं जे करून ठेवलेलं असतं ते उकळल्याने उलटत नाही. ते साखरेचे तुकडे करतात: ऊस आणि मेपल दोन्हींत असते ती सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. असा रस आटवला की सिरप अधिक काळं होतं, आणि त्यापासून मेपलची साखर पाडायला गेलात तर दाणा नीट धरत नाही. आंबट चव आली असेल तर तीही आटून दाट होते. काही जंतू रसाला तार आणतात. आपल्याकडे तार म्हटलं की लाडवांचा एकतारी पाक आठवतो आणि बरं वाटतं. ही तार तशी नव्हे, ही उन्हाळ्यात उतरलेल्या आमटीला सुटते ती. अशी तार एकदा आली की तो रस ओतून देण्यावाचून गत्यंतर नसतं.

आटवण्याचा हिशोब आणखी एका बाबतीत लक्षात ठेवावा लागतो. साधारण चाळीस लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. म्हणजे बादलीत जे राहून जाईल, आणि वाफेबरोबर उडून जाणार नाही, तेही चाळीसपट दाट होणार. म्हणूनच इथे घासायला भांडी धुण्याचा साबण वापरू नका असं सांगतात. रोजच्या जेवणाच्या ताटाला राहिलेला साबणाचा अंश कुणाला जाणवत नाही, सिरपात तो जिभेला लागतो. घासायचं ते गरम पाण्याने. थर फारच चिवट असेल तर ब्लीचच्याच पाण्यात ब्रश बुडवून घासा, पण मग निर्जंतुक करायला नवं पाणी घ्या.

आता प्रमाण. इथल्या कृषी विस्तार केंद्रांच्या पत्रकांत सापडतं ते असं: बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी वीस भाग. एक लिटर पाण्याला पन्नास मिलिलिटर. हे काही हलकं मिश्रण नाही, म्हणून काही मिनिटं लागू दिल्यावर पिण्याच्या गरम पाण्याने तीनदा विसळायचं. मी चौथ्यांदा विसळून नाकाजवळ नेतो. वास येत असेल तर पुन्हा.

सगळ्याच वस्तूंना दोन्ही कामं सारखी लागत नाहीत, आणि खरा गोंधळ इथेच होतो.

तोटीपासून सुरुवात करू, कारण ती सर्वात छोटी आणि सर्वात महत्त्वाची. झाडाला पाडलेलं भोक ही जखमच असते. झाड ती आतून बंद करू पाहतं, आणि जंतू शिरले की रस लवकर आटतो. त्यात रात्री गारठा पडला की झाड रस आत ओढून घेतं. नळीत किंवा तोटीत जे असेल ते त्याबरोबर थेट लाकडात जातं. व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रात आणि कॉर्नेल विद्यापीठात यावर बरंच काम झालं आहे, आणि त्यातून पुढे आलेली गोष्ट मला फार पटते: जुनी प्लास्टिकची तोटी कितीही धुतली तरी नव्या तोटीची सर तिला येत नाही. मी प्लास्टिकच्या तोट्या दर वर्षी नव्या घेतो. धातूच्या असतील तर आधी घासून मग पाण्यात खळाखळा उकळायच्या. ड्रिलचं पातंही विसरू नका. गॅरेजमध्ये वर्षभर पडलेलं पातं तसंच झाडात घालणं बरोबर नाही.

मात्र भोकात स्वतःहून काही औषध घालू नये. १९६०च्या दशकापासून काही वर्षं इथे पॅराफॉर्मल्डिहाइडच्या गोळ्या भोकात ठेवत. रस जास्त दिवस वाहायचा, पण झाडाची जखम बंद करण्याची ताकदच मारली जायची आणि आतलं लाकूड कुजत जायचं. आता अमेरिकेत आणि कॅनडात दोन्हीकडे त्यावर बंदी आहे. भोक निर्जंतुक करायचं म्हणजे तोटी, पातं आणि आपले हात स्वच्छ ठेवायचे. झाडाला औषध पाजायचं नाही.

बादल्या आणि साठवणीची पिंपं यांना दोन्ही लागतं, आधी घासणं मग ब्लीच. पिंप खाण्याच्या दर्जाचंच असावं. लोणच्याचा किंवा रंगाचा डबा कितीही घासा, कितीही ब्लीच लावा, प्लास्टिकने शोषलेला वास तसाच राहतो. जुन्या बाजारात मिळणाऱ्या देखण्या पत्र्याच्या बादल्यांबद्दल तर मी कळकळीने सांगेन. त्यांतल्या अनेकांच्या सांध्यांच्या डागात (सोल्डरमध्ये) किंवा मुलाम्यात शिसं असतं. शिसं ना घासून जातं ना ब्लीचने. अशी बादली फुलझाडांना ठेवा.

नळ्या वापरणाऱ्यांसाठी एक गमतीची पण खरी गोष्ट. ब्लीच नीट विसळलं नाही तर नळीत मिठाचा अंश राहतो आणि खारी त्यासाठी नळ्या कुरतडतात. आमच्या शेजाऱ्यांच्या नळ्यांना एका वसंतात दातांची भोकंच भोकं पडली होती.

आता रस आटवायचा पॅन. इथे माझी सर्वात मोठी चूक झाली होती. तळाला करडा-तपकिरी, खरखरीत थर बसला आणि मी त्याला मळ समजून ब्लीच घालणार होतो. तो मळ नाही आणि जंतूही नाहीत. रसातलं कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल यांचा क्षार आटताना खाली बसतो, त्याला इथले लोक साखरवाळू म्हणतात. किटलीत पाण्याचा क्षार बसतो तसाच हा प्रकार. तो राहिला तर पॅन खालून करपतो. ब्लीचने त्याचं काही होत नाही, उलट स्टीलला खड्डे पडतात. त्याला आम्ल हवं: साधं पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून रात्रभर ठेवा, सकाळी थर मऊ होऊन निघतो. पॅन निर्जंतुक करायची गरजच नाही, त्यात तर रस तासन्‌तास उकळतो.

इथे एक गोष्ट जीवावर बेतू शकते, म्हणून ती वेगळी सांगतो. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद तळघरात तो फुप्फुसं जाळतो. एकाच दिवशी एकाच मोरीवर दोन्ही कामं काढू नका. आमच्याकडे व्हिनेगरचा दिवस वेगळा असतो आणि ब्लीचची बाटली त्या दिवशी कपाटातून बाहेर येत नाही.

साखरवाळूवर इथल्या जुन्या लोकांची एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. हंगामाचा शेवटचा, चव बिघडलेला रस ते पॅनमध्ये तसाच ठेवून देतात. काही आठवड्यांत तो आंबतो आणि त्या आंबटपणानेच थर सुटतो. वर्षभर ज्या जंतूंना लांब ठेवायची धडपड चालते तेच शेवटी भांडं घासून देतात. वास भयंकर येतो, त्यानंतर खूप विसळावं लागतं, पण पॅन लख्ख निघतो.

गाळायच्या लोकरी किंवा कृत्रिम धाग्याच्या शंकूला फक्त गरम पाणी. ना साबण ना ब्लीच, कारण धागा दोन्ही धरून ठेवतो. पिळायचाही नाही, विणीची छिद्रं फाकतात. वाहत्या पाण्याखाली उलटा धरून वाळू निघून जाईपर्यंत धुवायचा आणि वाऱ्यावर पूर्ण सुकवायचा. ओला शंकू घडी करून ठेवला तर पुढच्या वर्षी त्याला बुरशीचा वास येतो, आणि तो वास सिरपात उतरतो.

बाटल्यांना धुणं पुरतं. सिरप ८२ ते ८५ अंशांवर भरलं, झाकण लावून बाटली लगेच आडवी केली, की तेच गरम सिरप मान आणि झाकण निर्जंतुक करतं. अट एवढीच की सिरप पुरेसं दाट हवं. पाणी ज्या तापमानाला उकळतं त्यापेक्षा सुमारे चार अंश वर सिरप उकळायला लागलं की त्यात साखर ६६ टक्क्यांच्या आसपास आलेली असते. पातळ राहिलं तर बाटली कितीही स्वच्छ असली तरी आत आंबतं.

राहता राहिला प्रश्न हे सगळं कधी करायचं. घासलेलं भांडं कोरडं करून ठेवलं तर महिनोन्‌महिने घासलेलंच राहतं. निर्जंतुकपणाचं तसं नसतं, पहिल्या धुळीबरोबर, पहिल्या हाताबरोबर तो संपतो. म्हणून एप्रिलमध्ये कळ्या फुगायला लागल्या आणि तोट्या काढल्या की त्याच संध्याकाळी, रस सुकायच्या आत, आम्ही सगळं घासून टाकतो. बादल्या तळघरात लाकडी पट्ट्यांवर पालथ्या घालतो, खालून वारा लागेल अशा. ब्लीचला त्या दिवशी हात लावत नाही. त्याची पाळी फेब्रुवारीच्या शेवटी, तोट्या ठोकायच्या आदल्या दिवशी, आणि तीही नव्या बाटलीने, कारण वर्षभर ठेवलेल्या ब्लीचचा जोर कमी झालेला असतो. आई आता फोनवरून विचारते, "घासल्यास का रे बादल्या?" ब्लीचबद्दल ती अजून कधी विचारत नाही.