स्फोटकांच्या कारखान्याचा परवाना : पात्रता, कागदपत्रं आणि हॅझॉप अभ्यासाची योग्य वेळ

नागपूर परिसरात स्फोटकांचे कारखाने बरेच आहेत, त्यामुळे नवा अर्जदार ओळखीच्या कारखान्याची फाईल नमुना म्हणून मागून आणतो. अर्ज कसा भरायचा, नकाशे कसे लावायचे हे त्यातून जरूर शिका. त्यातला हॅझॉप अहवाल, म्हणजे आराखड्याचा एकेक तुकडा घेऊन तिथे काय बिघडू शकतं हे तपासणाऱ्या अभ्यासाचा अहवाल, मात्र उचलू नका. तो त्यांच्या पाइपांचा, पंपांचा आणि त्यांच्या माणसांच्या सवयींचा अहवाल आहे. नाव बदलून जोडला, तर तुमच्या शेडमध्ये काय बिघडू शकतं हे कुणीच तपासलेलं नसेल.

परवाना मिळतो तो स्फोटक अधिनियम 1884 आणि स्फोटक नियम 2008 यांखाली. फटाक्यांच्या लहान उत्पादनाचा अपवाद सोडला तर हे काम मुख्य स्फोटक नियंत्रकांकडे, म्हणजे 'पेसो'कडे (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे) असतं. पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे. उत्पादनाचा परवाना एलई-1 नमुन्यात येतो. अमोनियम नायट्रेट वापरणार असाल तर त्याचे 2012 चे वेगळे नियमही वाचून घ्या.

अर्जदाराचं वय 18 पूर्ण हवं. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात सहा महिने वा जास्त शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं परवाना मिळत नाही. पूर्वी परवाना रद्द झाला असेल तर तेही लपवू नका, चौकशीत ते निघतंच.

कागदपत्रांत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, कंपनी असेल तर नोंदणी आणि संचालकांचा तपशील, जागेच्या ताब्याची कागदपत्रं, परिसराचा आणि इमारतींचा प्रमाणबद्ध नकाशा, प्रक्रियेचं वर्णन, यंत्रांची यादी, प्रत्येक इमारतीत किती माल आणि किती माणसं राहणार याचा तक्ता आणि जिल्हाधिकाऱ्यांचं ना हरकत प्रमाणपत्र हे मुख्य. नकाशात स्फोटक नियमांच्या अनुसूची 8 मधली सुरक्षित अंतरं बसली पाहिजेत. जमीन घेण्यापूर्वीच ती मोजा, कारण कमी पडलेलं अंतर नंतर पैशानं वाढत नाही. यादीत बदल होतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पेसोच्या पोर्टलवरची यादी पाहा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडची कामं वेगळी असतात.

आता हॅझॉप. बरेच जण तो बांधकाम झाल्यावर, फाईल पूर्ण करायची म्हणून करून घेतात. तोवर पाया भरलेला असतो, पाइप टाकलेले असतात, आणि सापडलेली चूक दुरुस्त करायला कुणाचंच मन होत नाही. पाइप आणि उपकरणांचा आराखडा तयार झाला की, बांधकामाच्या आधी, हॅझॉपची बैठक बसली पाहिजे. पद्धतीसाठी आयईसी 61882 हे आंतरराष्ट्रीय आणि धोका ओळखण्यासाठी आयएस 15656 हे भारतीय मानक आहे.

इमल्शन स्फोटकाच्या (अमोनियम नायट्रेटचं द्रावण आणि तेल यांच्या घट्ट मिश्रणाच्या) पंपाचं उदाहरण घ्या. आराखड्याचा तेवढाच तुकडा समोर ठेवायचा आणि ठरलेले शब्द लावायचे : प्रवाह नाही, जास्त, कमी, उलटा, सोबत भलतंच काही. 'प्रवाह नाही' म्हणजे पुढचा व्हॉल्व्ह बंद किंवा पाइप तुंबलेला, आणि पंप चालूच. तोच माल आत घुसळला जातो, तापतो, आणि पंपातच स्फोट होऊ शकतो. जगभर असे अपघात झाले आहेत. मग विचारायचं : प्रवाह थांबल्यावर पंप आपोआप बंद होतो का? तापमान आणि दाब यांचे ट्रिप, म्हणजे मर्यादा ओलांडली की यंत्र आपोआप थांबवणारी साधनं, वेगवेगळे आहेत का? शेवटचे कधी तपासले? ते बायपास करण्याची, म्हणजे तात्पुरते निकामी करण्याची, मुभा कुणाला आहे? या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे असतं, म्हणून त्याला खुर्ची द्या आणि साहेबांच्या आधी बोलू द्या. डिझाइन, उत्पादन, देखभाल आणि उपकरणं पाहणारे लोक हवेतच. बैठक चालवणारा मात्र बाहेरचा अनुभवी माणूस असावा.

डिटोनेटर (मुख्य स्फोटकाला उडवणारी छोटी नळी) बनवण्यासारख्या हातकामात पाइप नसतात. तिथे कामाच्या पायऱ्यांना तेच शब्द लावा : पायरी राहिली, आधी झाली, उशिरा झाली, एका वेळी जास्त माल उचलला.

अहवालात प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख हवी. धोकादायक रसायनांच्या 1989 च्या नियमांत सांगितलेल्या मर्यादेपेक्षा साठा जास्त असेल, तर उत्पादन सुरू होण्याच्या किमान 90 दिवस आधी सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. त्यातल्या धोका विश्लेषणाला हॅझॉपचाच आधार असतो. आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी करायची असते.

पुढे पंप बदलला, मिश्रण बदललं, एखादी इमारत दुसऱ्या कामाला घेतली, तर त्या तुकड्याचा हॅझॉप पुन्हा करा, आणि परवान्यात दुरुस्ती लागत असेल तर ती मिळेपर्यंत नव्या पद्धतीनं माल काढू नका.