‘ॲप चालत नाही’ हे सांगायचं कुणाला?

2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे भाव कोसळले आणि राज्य सरकारनं क्विंटलमागे 350 रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलं. अट अशी की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. नाशिक जिल्ह्यात, अगदी लासलगावच्या आसपाससुद्धा, कितीतरी जणांचा कांदा विकला गेला होता, विक्रीची पट्टी हातात होती, पण सातबाऱ्यावर कांदा नव्हता. नोंद करायची होती ती सरकारच्या मोबाइलवरच्या ई-पीक पाहणी ॲपमधून. काहींनी ती केलीच नव्हती, काहींची ओटीपी आणि सर्व्हरच्या फेऱ्यात अडकली. अखेर गावपातळीवरच्या समितीकडून पडताळणीची वाट काढावी लागली.

ॲप वापरणाऱ्याचं म्हणणं बनवणाऱ्यापर्यंत कसं जातं, हा एरवी संगणकवाल्यांचा विषय. त्या वर्षी तो शेतकऱ्याच्या पैशाचा झाला.

मुळात ही वाट एकतर्फीच बांधली गेली होती. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै 2008 मध्ये उघडलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात गुगलचं अँड्रॉइड मार्केट आलं. दोन्हीकडे स्टार देण्याची आणि चार ओळी लिहिण्याची सोय होती. दिसायला ती एसटी आगारातल्या तक्रारवहीसारखी, पण वही वाचून उत्तर देणारा आगारप्रमुख गैरहजर. कारण स्टार होते पुढच्या गिऱ्हाईकासाठी, बनवणाऱ्यासाठी नव्हेत. आयफोनवर तर सुरुवातीची काही वर्षं ॲप काढून टाकतानाच स्टार विचारायचे. काढून टाकणारा माणूस पाच स्टार कशाला देईल? 2010 मध्ये ते बंद झालं.

डेव्हलपरला, म्हणजे ॲप बनवणाऱ्याला, तिथल्या तिथे उत्तर द्यायची मुभा गुगलनं 2012 मध्ये मोजक्यांना आणि 2013 मध्ये सगळ्यांना दिली. ॲपलला त्यासाठी मार्च 2017 उजाडला. म्हणजे जवळपास नऊ वर्षं आयफोनवरचा डेव्हलपर ‘हे पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त केलंय’ एवढंही त्या तक्रारीखाली लिहू शकत नव्हता. गुगलवर आजही उत्तर 350 अक्षरांत बसवावं लागतं.

दरम्यान डेव्हलपरनं माणसाला विचारणंच कमी केलं आणि फोनला विचारायला सुरुवात केली. 2011 मध्ये सुरू झालेलं क्रॅशलिटिक्स (पुढे ट्विटरकडे, मग 2017 मध्ये गुगलकडे गेलं) ॲप बंद पडलं की कोणत्या फोनवर, कोणत्या व्हर्जनमध्ये, कोडच्या कोणत्या ओळीवर पडलं ते परस्पर कळवतं. सोय मोठीच. पण ओटीपी न येणं, गट नंबर यादीत न दिसणं, पिकांच्या यादीत आपलं पीक न सापडणं, यात ॲप बंद पडतच नाही. यंत्राच्या लेखी सगळं आलबेल असतं. ते माणसानंच सांगावं लागतं आणि सांगायला भाषा लागते. अँड्रॉइडच्या भाषांच्या मूळ यादीत मराठी आली ती 2014 च्या लॉलिपॉप या व्हर्जनमध्ये. तोवर अनेकांच्या तक्रारी रोमन लिपीतल्या मराठीत, नाहीतर मोडक्या इंग्रजीत जात होत्या.

2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि स्टारचा वेगळाच उपयोग लोकांना कळला. एप्रिल 2017 मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखानं भारताबद्दल म्हणे काही उद्गार काढले, म्हणून लोकांनी त्या ॲपला एकेक स्टार दिला. नावातल्या साधर्म्यानं बिचाऱ्या स्नॅपडील या खरेदीच्या ॲपलाही फटके बसले. 2020 मध्ये टिकटॉकचा स्टारचा आकडा असाच पाडला गेला आणि गुगलनं लाखो रिव्ह्यू काढून टाकले. हा निषेध होता. यातून डेव्हलपरला दुरुस्त करण्याजोगं काहीही मिळालं नाही.

तरी बाजारातल्या ॲपवर स्टारचा धाक असतो, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकतं. ई-पीक पाहणीला पर्याय नाही. 15 ऑगस्ट 2021 ला ते राज्यभर सुरू झालं आणि तलाठ्यानं करायची नोंद शेतकऱ्याच्या हातात आली. एक स्टार देऊन ते फोनमधून काढलं, तर नुकसान काढणाऱ्याचंच. माझ्या मते खरी मेख इथे आहे. सरकारी ॲपला रिव्ह्यूची खिडकी पुरत नाही, तिथे तक्रार दुसऱ्याच वाटेनं जाते: शेतकरी स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, तिथून तलाठी, तहसील, पेपरात बातमी आणि मग नोंदीला मुदतवाढ.

ही वाट लांबची आहे, पण अगदीच फुकट गेली असं म्हणता येणार नाही. 2022 च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये भरलेली नोंद 48 तासांत स्वतः दुरुस्त करता येऊ लागली, ॲपमध्ये मदतीचं बटण आलं आणि शेतकऱ्याची नोंद स्वयंघोषणा धरून तलाठ्यानं फक्त 10 टक्के नोंदी तपासायच्या असं ठरलं. चुकीचं पीक एकदा निवडलं की तलाठ्याच्या मागे फिरावं लागायचं, त्या त्रासावर 48 तासांची सोय हा सरळ उतारा होता. त्यानंतर शेतकऱ्यांची मुदत संपली की राहिलेल्या गटांची पाहणी करायला गावोगावी सहायक नेमले जाऊ लागले. सुरगाणा-पेठच्या डोंगरात, जिथे रेंज शोधत टेकाडावर जावं लागतं, तिथल्या अडचणी सगळ्यात आधी दिसणार त्या या सहायकालाच.