स्पिअरफिशिंगचा फ्लोट
श्वास रोखून बुडी मारायची आणि भाल्याने किंवा स्पिअरगनने, म्हणजे भाला सोडणाऱ्या बंदुकीने, मासा टिपायचा, या मासेमारीत डायव्हर एक तरंगता बोया दोरीने आपल्याबरोबर ओढत नेतो. त्याला फ्लोट म्हणतात. त्याची कामे चार. डायव्हर पाण्याखाली कुठे आहे हे होड्यांना दाखवणे, त्यासाठीचा बावटा उभा धरणे, स्पिअरगन हातातून सुटली तरी ती हरवू न देणे आणि मारलेले मासे अंगापासून दूर ठेवणे. दमल्यावर त्याला धरून विसावाही घेता येतो, पण ही सोय दुय्यम आहे.

पुण्याकडच्या नवशिक्याने हा क्रम आधी लक्षात घ्यावा. इथल्या कितीतरी लोकांचे पोहणे विहिरीत किंवा नदीच्या डोहात, पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून सुरू झाले. तरंगणारी वस्तू आपल्याला बुडू देत नाही ही समजूत तिथून पक्की होते आणि मग दुकानात फ्लोट बघताना पहिला प्रश्न येतो, ‘हा माझं वजन पेलेल का?’ वजन बहुतेक सगळेच फ्लोट पेलतात. विचारायला हवे ते हे, की लाटा उसळलेल्या असताना दोनशे मीटरवरच्या होडीवाल्याला तो दिसेल का.

दिसण्याची अडचण मालवण-तारकर्लीच्या पाण्यात नेमकी उभी राहते. पुण्याहून शिकायला जाणारे बहुधा हिवाळ्यात तिकडे जातात, कारण पावसाळ्याचा गढूळपणा तोवर बसलेला असतो. पर्यटकांच्या जेट स्की, बनाना बोटी आणि पॅरासेलिंगच्या होड्यांची गर्दीही तेव्हाच असते. फ्लोट लाल, केशरी किंवा भडक पिवळाच घ्यावा. निळा, काळा आणि पांढरा हे तिन्ही रंग टाळावेत. पहिले दोन पाण्यात मिसळतात, पांढरा फेसात हरवतो.

बावटे दोन प्रकारचे. लाल कापडावर तिरपा पांढरा पट्टा असलेला बावटा १९५६ साली अमेरिकेत डेन्झेल डॉकरी यांनी तयार केला. दुसरा आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेतला ‘ए’ अक्षराचा पांढरा-निळा बावटा. ‘माझा डायव्हर पाण्याखाली आहे, दूर राहा व वेग कमी ठेवा’ असा त्याचा अर्थ. छोट्या फ्लोटवर लाल बावटाच जास्त उठून दिसतो. फ्लोरिडात फ्लोटवरचा बावटा किमान १२ इंच लांब-रुंद असावा लागतो, तर इटलीत डायव्हरने फ्लोटपासून ५० मीटरच्या आत राहायचे असते. आपल्याकडे घेतानाही १२ इंचांचे माप धरावे. बावट्याच्या कापडात वरच्या कडेला ताठ काडी हवी, नाहीतर वारा पडला की तो काठीला चिकटून लोंबतो.

कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मच्छीमारही जाळ्याची जागा दाखवायला बोये सोडतात, त्यांवर काठी आणि फडके लावतात. त्यामुळे तुमचा फ्लोट पाहून नाखवा ‘इथे जाळं आहे’ असे समजेल आणि थोडा बाजूने जाईल, पण खालून माणूस वर येणार आहे हे त्याच्या मनात येणार नाही. म्हणून उतरण्याआधी किनाऱ्यावर होडीवाल्यांना फ्लोट व बावटा दाखवून ‘याच्याखाली माणूस असतो’ असे सांगून ठेवावे. बाजारातला महागातला महाग फ्लोटही हे काम करत नाही.

आकारांत सर्वांत रूढ आहे तो टॉर्पेडो. लांबट असल्याने ओढताना पाण्याचा अडथळा कमी होतो. त्याच्या पोटाखाली शिशाचे किंवा अन्य वजन असते, म्हणून बावटा उभा राहतो. गोल बोया स्वस्त पडतो, पण ओढताना जड जातो आणि गिरक्या घेतो. फळीसारखा फ्लोट सामान वाहायला उत्तम, वाऱ्यात मात्र फार भरकटतो. खुल्या पाण्यात पोहणारे कमरेला बांधतात तो फुगवायचा केशरी टो फ्लोट घरात असेल, तर तो पोहण्यापुरताच ठेवावा. त्यावर बावटा उभा राहत नाही आणि त्याचा पट्टा बंदुकीची ओढ सोसण्यासाठी केलेला नसतो.

टॉर्पेडोतही फुगवायचा आणि घट्ट असे दोन प्रकार येतात. आत फोम भरलेला घट्ट फ्लोट चिरला तरी तरंगतो. फुगवायच्या फ्लोटला भाल्याचे टोक किंवा गोबरा माशाच्या परांचे काटे लागले की संपले. शिवाय मोठ्या माशाने तो १० मीटर खाली ओढला तर तिथल्या दुप्पट दाबाने त्यातली हवा जवळपास निम्म्या जागेत दबते, उचलही तेवढी घटते. नवशिक्याने इतक्या मोठ्या माशाच्या वाटेला जाऊच नये. पुण्याहून एसटीने वा दुचाकीने जाणाऱ्याला फुगवायचाच सोयीचा, कारण तो सॅकमध्ये मावतो. फक्त वरून जाड नायलॉनचे आवरण असलेला घ्यावा.

आकारमानाचा हिशेब सरळ आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १.०२५ किलो असते. म्हणजे १२ लिटरचा फ्लोट पूर्ण बुडवला तर १२ किलोहून थोडी जास्त उचल देतो. त्यातून त्याचे स्वतःचे वजन वजा करायचे. किनाऱ्याजवळ शिकणाऱ्याला १० ते १५ लिटर पुरतात. त्याहून मोठा घेतला तर ओढण्यातच दम जातो, आणि श्वासावर चालणाऱ्या या खेळात दम वाया घालवणे धोक्याचे आहे.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. पुण्यात फुगवून नेलेला फ्लोट मालवणात थोडा सैल पडतो, तो पाण्यात उतरताना पुन्हा भरावा. परतीच्या वाटेवर उलट घडते. समुद्रावर टणक फुगवलेला फ्लोट घाट चढताना आणखी ताणतो, त्यात बंद गाडीतले ऊन मिळाले की शिवण उसवते. निघण्याआधी हवा सोडावी, फ्लोट गोड्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा.

दोरी पाण्यावर तरंगणारी, पॉलिप्रॉपिलीनची हवी. बुडणारी दोरी खडकांत अडकते. ती थोडी जाड व ताठ असावी, म्हणजे गुंता कमी होतो. खोलीच्या दीडपट ते दुप्पट लांबी धरावी. सात-आठ मीटर पाण्यासाठी १५ मीटर दोरी चालते. तिचे दुसरे टोक स्पिअरगनच्या मुठीमागे अडकवावे. मनगटाला, पायाला किंवा कमरेला गाठ मारून बांधू नये, कारण दोरी जाळ्यात किंवा होडीच्या पंख्यात अडकली तर क्षणात सुटता आले पाहिजे. बंदूक हातातून सोडली की माणूस मोकळा होतो, बंदूक फ्लोटला राहते. दोघांनी मिळून एकच फ्लोट वापरावा. एक खाली असताना दुसरा फ्लोटजवळ राहून त्याच्यावर नजर ठेवतो. श्वास रोखल्याने वर येता येता शुद्ध हरपण्याचा धोका असतो, तेव्हा वाचवतो तो हा जोडीदार.

सराव पुण्यातच करावा, पण बंदुकीशिवाय. तलावाच्या व्यवस्थापनाची परवानगी आणि जीवरक्षक हजर असेल तर फ्लोट ओढत पोहणे, दोरी न गुंतवता बुडी मारणे, एका हाताने दोरी सोडवणे हे पोहण्याच्या तलावात शिकता येते. खडकवासला, पानशेत ही धरणे यासाठी नव्हेत. ते शहराचे पिण्याचे पाणी आहे, बुडून मृत्यूच्या घटना तिथे वारंवार घडतात.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, त्याच्या हद्दीत भाला नेऊ नये. हद्दीबाहेर कुठे उतरता येईल हे वन आणि मत्स्यव्यवसाय विभागांच्या स्थानिक कार्यालयांत आधी विचारावे. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांची मासेमारीबंदी असते. त्या काळात समुद्र इतका खवळलेला असतो की फ्लोटचा बावटा लाटांआड दिसतही नाही.